तीन कंठ, दोन गिटार आणि एक ध्वनिक्षेपक : वॉशिंग्टन मोर्चातील लोकगायनाचे नभोवाणीरूप

प्रस्तावना

दि. २८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेच्या राजधानीत 'रोजगार आणि स्वातंत्र्य' या दोन मागण्यांसाठी निघालेला मोर्चा इतिहासात प्रामुख्याने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे ओळखला जातो. सुमारे अडीच लाखांच्या त्या समुदायापुढे दिवसभर भाषणांइतकेच गायनही झाले, ही बाब मात्र अभ्यासकांच्या विवेचनात बहुधा एखाद्या वाक्यापुरतीच येते. त्या गायनात पीटर यारो, नोएल पॉल स्टुकी आणि मेरी ट्रॅव्हर्स या तिघांच्या 'पीटर, पॉल अँड मेरी' या त्रिकुटाने लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून गायिलेल्या दोन गीतांचा समावेश होता. अमेरिकेच्या पूर्व भागातील शैक्षणिक नभोवाणी केंद्रांच्या 'एज्युकेशनल रेडिओ नेटवर्क' या साखळीने त्या दिवसाचे सुमारे पंधरा तासांचे थेट प्रक्षेपण केले. त्याचे ध्वनिमुद्रण बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राच्या संग्रहात जतन झालेले आहे.

प्रस्तुत लेखात या गायनाचा विचार एक नभोवाणी-मैफल म्हणून करावयाचा आहे. त्यातून तीन प्रश्न उपस्थित होतात. व्यावसायिक पद्धतीने घडविलेल्या त्रिकुटाच्या गायनास 'लोकगायन' म्हणता येईल काय? थेट प्रक्षेपणामुळे या गायनाच्या आशयात कोणती भर पडते? आणि ज्यांची वेदना गायिली जात आहे त्यांच्यापैकी गायक नसतील, तर त्या गायनाचा अधिकार कोणता? यांपैकी तिसरा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही. म्हणूनच त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

त्रिकुटाची घडण

हे त्रिकूट १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या भागात आकाराला आले. तीन मित्र सहज एकत्र जमले आणि गाऊ लागले, असे घडले नाही. अल्बर्ट ग्रॉसमन या व्यवस्थापकाने दोन पुरुष व एक स्त्री अशा गटाची कल्पना मनाशी योजून ही निवड केली. गीतरचना बांधून घेण्यासाठी मिल्ट ओकन यांच्यासारख्या जाणकाराचे साहाय्य घेण्यात आले आणि जाहीर कार्यक्रमापूर्वी अनेक महिने तालीम झाली. गटाचे नाव कानाला गोड लागावे म्हणून नोएल स्टुकी यांचे मधले नाव 'पॉल' पुढे आणले गेले. १९६२ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने विक्रीत पहिले स्थान मिळविले. थोडक्यात, जे 'सहज' वाटते ते फार काळजीपूर्वक घडविलेले होते.

या माहितीवरून त्यांच्या गायनाला कृत्रिम ठरविणे सोपे आहे. परंतु लोकगीत म्हणजे अनामिक, मौखिक आणि समूहनिर्मित गीत, ही व्याख्या आपण जितक्या ठामपणे वर्गात सांगतो तितकी ती प्रत्यक्षात टिकत नाही. आपल्याकडील पोवाड्यात शाहिराची नाममुद्रा असते. लावणीला कर्ता असतो. तमाशाचा फड हा उपजीविकेचा व्यवसाय असतो. तरीही या प्रकारांना आपण लोकपरंपरेच्या बाहेर काढीत नाही. कारण तेथे कर्तेपणापेक्षा गीताचे पुढे होणारे अभिसरण निर्णायक असते. या कसोटीवर पीटर, पॉल अँड मेरी यांच्या गायनाची परीक्षा करणे अधिक न्याय्य ठरेल.

त्या दिवशी गायिलेल्या 'इफ आय हॅड अ हॅमर' या गीताचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. पीट सीगर व ली हेज यांनी ते १९४९ मध्ये रचले. त्याचे पहिले जाहीर गायन त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये, खटल्याला सामोरे जाणाऱ्या कम्युनिस्ट नेत्यांच्या पाठिंब्यासाठी भरलेल्या कार्यक्रमात झाले. शीतयुद्धाच्या त्या काळात सीगर व त्यांचा 'द वीव्हर्स' हा गट काळ्या यादीत गेला. सीगर यांना १९५५ मध्ये संसदीय समितीपुढे साक्षीस बोलाविण्यात आले, १९६१ मध्ये समितीच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि १९६२ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्याच १९६२ मध्ये या त्रिकुटाने तेच गीत चाल बदलून गायिले आणि ते देशभर लोकप्रिय झाले. त्याला ग्रॅमी पारितोषिकही लाभले. मूळ चाल व नवी चाल एकाच वेळी गायिल्या तरी त्या परस्परांशी जुळतात, असे सीगर पुढे आवर्जून सांगत. लोकपरंपरेतील पाठभेदांचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जे गीत मूळ कर्त्यांच्या तोंडी संशयास्पद होते, ते नीटनेटक्या वेशातील तीन तरुणांच्या तोंडी स्वीकारार्ह झाले. शब्द जवळजवळ तेच राहिले आणि ते उच्चारणारा कंठ बदलला.

ध्वनिव्यवस्था आणि नभोवाणी

या गायनाला 'वीजवाद्यांवाचूनचे' गायन म्हणतात. दोन लाकडी गिटार आणि तीन कंठ एवढीच त्याची सामग्री. परंतु अडीच लाख लोकांपर्यंत दोन लाकडी गिटारांचा आवाज आपोआप पोहोचत नाही. मोर्चाचे मुख्य संघटक बायर्ड रस्टिन यांनी उत्तम ध्वनिवर्धक व्यवस्थेचा प्रथमपासून आग्रह धरला होता. ऐकू न येणारा जमाव अस्वस्थ होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मोर्चाच्या आदल्या दिवशी ही यंत्रणा बिघडविण्यात आल्याचे आढळले आणि अखेर लष्कराच्या संदेशवहन दलाच्या तंत्रज्ञांनी ती रातोरात दुरुस्त केली. सरकारविरुद्धचे गाऱ्हाणे सरकारी तंत्रज्ञांनी दुरुस्त केलेल्या यंत्रातून मांडले गेले, हा त्या दिवसाचा एक विरोधाभास होय.

दुसरा विरोधाभास अधिक सूचक आहे. भाषणे हाताबाहेर गेली तर ध्वनिवर्धक बंद करता यावा अशी तजवीज केनेडी प्रशासनाने करून ठेवली होती. न्याय खात्याचा एक अधिकारी त्यासाठी सज्ज होता. आवाज तोडल्यानंतरची शांतता भरून काढण्यासाठी त्याच्याजवळ महालिया जॅक्सन यांच्या एका भक्तिगीताची ध्वनिमुद्रिका तयार ठेवलेली होती, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. ती वापरण्याची वेळ आली नाही. पण सत्तेच्या दृष्टीने गीत हे भाषण थांबविण्याचे साधन होते, हे येथे स्पष्ट दिसते. किंग यांच्या भाषणापूर्वी प्रत्यक्ष महालिया जॅक्सन यांनी जे गायिले ते त्यांच्या समाजाच्या अपमानाचे व सोशिकतेचे गीत होते. एकाच गायिकेचा आवाज व्यासपीठावरून निषेध व्यक्त करीत होता आणि अधिकाऱ्याजवळच्या ध्वनिमुद्रिकेत निषेध मिटविण्यासाठी राखून ठेवलेला होता. गीताचा अर्थ केवळ त्याच्या शब्दसुरांत नसतो. कोणाच्या हाती ध्वनिक्षेपकाची कळ आहे, यावरही तो अवलंबून असतो.

या पार्श्वभूमीवर नभोवाणीच्या थेट प्रक्षेपणाचे महत्त्व लक्षात येते. दूरचित्रवाणीनेही त्या दिवशी विस्तृत प्रक्षेपण केले आणि मेरी ट्रॅव्हर्स यांचे सोनेरी केस, त्यांची मान झटकण्याची लकब, दोन्ही बाजूंचे दाढीधारी गिटारवादक हे चित्र त्यामुळे लोकांच्या मनात ठसले. नभोवाणीवर यातील काहीच पोहोचत नाही. राहतो तो ट्रॅव्हर्स यांचा खर्जाकडे झुकणारा, किंचित खरखरीत स्त्रीस्वर, त्याच्यावर यारो यांचा तीव्र पट्टीतील स्वर आणि मध्ये स्टुकी यांचा स्थिर आधारस्वर. चित्रात ट्रॅव्हर्स केंद्रस्थानी दिसतात, तर ध्वनीत त्या कधी अग्रभागी येतात व कधी दोघांच्या स्वरांत मिसळून जातात. तीन स्वरांपैकी एकही कायमचा मुख्य नाही आणि एकही कायमचा साथीचा नाही. समतेची मागणी करणाऱ्या सभेला ही स्वररचना साजेशी आहे, आणि ती डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्मारकासमोरच्या लांब जलाशयाच्या दूरच्या टोकाला बसलेल्या माणसाला गायक ठिपक्याएवढेही दिसत नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचत होता तो कर्ण्यातून येणारा आवाज. म्हणजे मैदानातील बहुसंख्य श्रोते आणि बोस्टनमधील घरी रेडिओपाशी बसलेला श्रोता यांच्यातील अंतर आपण समजतो त्याहून कमी होते. दोघेही यंत्रातून ऐकत होते. फरक इतकाच की मैदानातल्या श्रोत्याला शेजारी होता आणि घरातल्या श्रोत्याला तो कल्पनेने निर्माण करावा लागत होता. समूहाचा गलबला, टाळ्या, गीतांमधील रिकाम्या जागा, निवेदकाचे दबक्या आवाजातील वर्णन यांमुळे ही कल्पना शक्य होते. ध्वनिमुद्रण कक्षात तयार झालेल्या मुद्रिकेत नेमके हेच काढून टाकलेले असते. म्हणून त्रिकुटाची हीच गीते मुद्रिकेवर अधिक निर्दोष असली तरी अर्थाच्या दृष्टीने थेट प्रक्षेपणातील गायन अधिक भरीव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन गीते : अट आणि प्रश्न

दोन्ही गीतांची रचना भिन्न आहे. 'इफ आय हॅड अ हॅमर' हे अटीवर उभे असलेले गीत आहे. हातोडा, घंटा आणि गाणे ही तीन साधने क्रमाने तीन कडव्यांत येतात आणि प्रत्येक वेळी ती 'असती तर' काय केले असते हे सांगितले जाते. चौथ्या कडव्यात अट गळून पडते आणि साधने हाती असल्याचे घोषित होते. संकेतार्थाकडून निश्चयार्थाकडे होणारे हे व्याकरणिक स्थित्यंतर म्हणजेच गीताचा आशय होय. त्रिकुटाने गिटारांच्या जोरकस आघातांनी व कडव्यागणिक वाढविलेल्या स्वरबळाने हे स्थित्यंतर श्रवणगोचर केले. ज्या सभेची पहिली मागणी रोजगाराची होती, तेथे हातोड्याचा उल्लेख केवळ प्रतीकात्मक राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

'ब्लोइन इन द विंड' हे बॉब डिलन यांचे गीत याउलट प्रश्नांनी बनलेले आहे. त्रिकुटाने ते जून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच महिन्यात मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याची हत्या झाली होती. मोर्चाच्या दिवशी स्वतः डिलन यांनी त्या हत्येवरील आपले गीत गायिले. मारेकरी गोरा गरीब हा व्यवस्थेच्या पटावरील प्यादे आहे, असा त्या गीताचा रोख आहे. दोहोंची तुलना केली तर त्रिकुटाने गायिलेल्या गीताची मर्यादा स्पष्ट होते. त्यात व्यक्ती, स्थळ, घटना काहीही नाही. प्रश्न सार्वत्रिक आहेत आणि उत्तर वाऱ्यावर सोपविलेले आहे.

ही मर्यादा गंभीर आहे काय? त्या दिवशीच्या एका घटनेवरून ते ठरविता येते. विद्यार्थी संघटनेचे तरुण नेते जॉन लुईस यांच्या भाषणाच्या मसुद्यातील तीव्र भाग इतर नेत्यांच्या व धर्माधिकाऱ्यांच्या दबावामुळे ऐनवेळी बदलावा लागला. त्रिकुटाच्या गीतांतील शब्द बदला, असे कोणीही म्हटले नाही. ज्या शब्दांची कोणाला भीती वाटत नाही त्यांचे सामर्थ्य किती, असा प्रश्न येथे विचारता येतो आणि तो टाळू नये. तथापि भाषण हे एका क्षणाला उद्देशून असते, तर गीत अनेक क्षणांना उपयोगी पडण्यासाठी आपला नेमकेपणा काही प्रमाणात सोडून देते. लुईस यांच्या भाषणाचे आज अध्ययन होते. त्रिकुटाची गीते आजही गायिली जातात. दोन्हींचे कार्य वेगळे आहे आणि एकाची कसोटी दुसऱ्याला लावणे योग्य नव्हे.

अधिकाराचा प्रश्न

खरा आक्षेप निराळा आहे. कृष्णवर्णीयांच्या मोर्चात गोऱ्या गायकांना एवढे स्थान का, असा प्रश्न विनोदकार व कार्यकर्ते डिक ग्रेगरी यांनी उपस्थित केला होता. व्यासपीठावर ओडेटा, जॉश व्हाइट, मॅरियन अँडरसन, महालिया जॅक्सन व फ्रीडम सिंगर्स यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलावंत होते, हे खरे. परंतु प्रसिद्धीचा झोत समान नव्हता.

चालीचा इतिहास पाहिल्यास हा आक्षेप अधिक टोकदार होतो. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल 'नो मोर ऑक्शन ब्लॉक' या गुलामांच्या मुक्तिगीतावर आधारलेली आहे, आणि डिलन यांनी पुढे ते मान्य केले. हेच मुक्तिगीत ओडेटा यांनी १९६० मध्ये कार्नेगी सभागृहातील मैफलीत गायिले होते. म्हणजे लिलावाच्या ओट्यावरील माणसांच्या वंशजांपुढे त्यांच्याच पूर्वजांचा सूर, नव्या शब्दांत, तीन गोरे गायक गात होते. हे आदानप्रदान की अपहरण?

मराठी वाचकाला येथे दलित साहित्यविषयक चर्चेतील सहानुभूती व स्वानुभूती या संज्ञा आठवतील. दलित लेखकांनी स्वानुभूतीचा आग्रह धरला तो केवळ सौंदर्यशास्त्रीय कारणासाठी नव्हता. इतरांनी आपल्या वतीने बोलण्याची दीर्घ परंपरा त्यांना थांबवावयाची होती. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हा दोन चळवळींमधील नात्याचा प्रत्यक्ष पुरावाच आहे. तेव्हा ग्रेगरी यांचा आक्षेप आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

परंतु या आक्षेपाचे उत्तर इतिहासाने अंशतः दिले आहे. हेच गीत ऐकून कृष्णवर्णीय गायक सॅम कुक अस्वस्थ झाले. असे गीत आपल्यापैकी कोणी का लिहिले नाही, या जाणिवेतून त्यांच्या 'अ चेंज इज गॉना कम' या १९६४ च्या गीताला चालना मिळाली. १९६६ मध्ये स्टीव्ही वंडर यांनी 'ब्लोइन इन द विंड' आपल्या ढंगात गाऊन लोकप्रिय केले. गुलामांचा सूर डिलनकडे आला, त्रिकुटाने तो नभोवाणीवर नेला आणि तेथून तो पुन्हा कृष्णवर्णीय कलावंतांकडे परतला. सहानुभूतीचे गायन स्वानुभूतीच्या गायनाची जागा अडवून बसले तर ते दोषास्पद आहे. ते त्याला वाट करून देत असेल तर त्याचे मूल्य मान्य केले पाहिजे. या विशिष्ट उदाहरणात दोन्ही गोष्टी थोड्याफार घडल्या, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

याच संदर्भात एक दुर्लक्षित बाजू नमूद करणे आवश्यक आहे. त्या दिवशीच्या मुख्य कार्यक्रमात स्त्रियांना भाषणाची संधी जवळजवळ मिळालीच नाही. डेझी बेट्स यांचे मोजक्या वाक्यांचे निवेदन हा अपवाद. गाण्यासाठी मात्र महालिया जॅक्सन, मॅरियन अँडरसन, कॅमिला विल्यम्स, ओडेटा, जोन बाएझ आणि मेरी ट्रॅव्हर्स अशा अनेक स्त्रिया होत्या. स्त्रीने गावे, बोलू नये, हा संकेत समतेच्या व्यासपीठावरही टिकून होता. नभोवाणीचे मुद्रण सलग ऐकले की स्त्रीचा आवाज वारंवार येतो, पण तो बहुधा चालीतच येतो. चित्रात ही विषमता लपते, ध्वनीत ती लपत नाही.

मराठी संदर्भ

तीन कंठांच्या चळवळीतील गायनाचे आपल्याकडील उदाहरण म्हणजे अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर या तीन शाहिरांचे, १९४४ मध्ये सुरू झालेले लाल बावटा कलापथक. डफ, तुणतुणे व ढोलकी एवढ्या सामग्रीवर त्यांनी गिरणगावापासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत लाखोंचे श्रोतृवृंद बांधून ठेवले. तेथे अधिकाराचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटलेला होता. मातंग समाजातील अण्णाभाऊ आणि मुस्लिम अमर शेख ज्या कष्टकऱ्यांचे गाणे गात होते, त्यांच्यातूनच ते आलेले होते. परंतु त्यांच्या सभांना थेट प्रक्षेपणाचे माध्यम लाभणे शक्य नव्हते. आकाशवाणी त्या काळी शासनाचे खाते होते आणि विरोधी पक्षांना निवडणूक प्रचारासाठी तिच्यावरून बोलण्याची संधीही १९७७ मध्ये प्रथम मिळाली. त्यामुळे वॉशिंग्टनच्या एका दिवसाचे पंधरा तास आज ऐकता येतात, आणि शिवाजी पार्कवरील शाहिरी सभांसाठी आपल्याला बव्हंशी आठवणींवर विसंबावे लागते. कलेच्या गुणवत्तेतील हा फरक नाही. तो माध्यमाच्या मालकीतील फरक आहे.

समारोप

पीटर, पॉल अँड मेरी यांचे ते गायन सर्वार्थाने निर्दोष नव्हते. त्यांचे लोकगायन योजनापूर्वक घडविलेले होते, त्यांचे शब्द कोणालाही अडचणीत न आणणारे होते आणि त्यांना मिळालेला झोत समान न्यायाने वाटला गेलेला नव्हता. तरीही थेट प्रक्षेपणाच्या चौकटीत ऐकताना ते गायन आपले स्थान आपणच मर्यादित करून घेते. दोन गीते होतात, टाळ्या होतात आणि दुसरा आवाज सुरू होतो. मुद्रिकेत हे त्रिकूट एकटेच असते. नभोवाणीवर ते ओडेटा, लुईस, जॅक्सन व किंग यांच्या रांगेत एका जागी उभे असते. त्या रांगेतच त्याचा योग्य अर्थ लागतो. मोर्चानंतर अठराच दिवसांनी, १५ सप्टेंबर १९६३ रोजी, बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार मुली मारल्या गेल्या. गीतांनी इतिहास लगेच बदलत नाही, याची आठवण त्या घटनेने दिली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये झाला. मेरी ट्रॅव्हर्स २००९ मध्ये व पीटर यारो २०२५ मध्ये निवर्तले.

त्या दिवसाचे प्रक्षेपण व्यापारी केंद्रांनीच केले असे नाही, तर शिक्षणसंस्थांशी निगडित लहान केंद्रांनी आपल्या मर्यादित साधनांनिशी ते अखंड केले व जपून ठेवले, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. आपल्याकडे २००४ पासून विद्यापीठीय परिसरांत सामुदायिक नभोवाणी केंद्रे आली. त्यांना स्वतंत्र वार्तांकनाची मुभा नाही, पण गीत प्रक्षेपित करण्याची व मुद्रित करण्याची आहे. परिसरातील भजनी मंडळे, जलसे, जात्यावर गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि मोर्चांतून गाणारे तरुण यांचे आवाज तारीख-वार नोंदवून जतन करणे, हे काम त्या केंद्रांच्या आवाक्यातील आहे. पन्नास वर्षांनी आपल्या काळाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास केवळ आठवणींवर विसंबावे लागू नये, एवढी जबाबदारी आपली आहे.